वेदनाशामक गोळीचे गुणदोष

पेण हे भोगावती नदीच्या काठी वसलेले गाव आणि रोहा हे कुंडलिकेच्या काठी वसलेले. रायगड जिल्ह्यातील या दोन्ही तालुक्यांत कष्टाच्या कामांना वर्षभर खंड नसतो. आषाढात भातखाचरे पाण्याने भरली, की लावणीला आरंभ होतो. घोटाभर चिखलात उभे राहून, कमरेत वाकून, सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत रोपे लावीत जायचे, हे काही सोपे काम नव्हे. त्याच दिवसांत पेण शहरात आणि हमरापूर, जोहे आदी गावांत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने रात्रंदिवस चालू असतात. कोणी साच्यातून मूर्ती काढतो, कोणी रंग चढवतो, तर कोणी मान खाली घालून तासन्‌तास मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करीत बसतो. पावसाळा येण्यापूर्वीच्या उन्हात पेणच्या स्त्रिया पापडांच्या लाट्या लाटून ठेवतात. त्यांची मनगटे आणि खांदे भरून येतात. रोह्याजवळ धाटाव येथील रासायनिक कारखान्यांत कामगार पाळीपाळीने उभे राहून काम करतात. काम कोणतेही असो, त्याचे मोल शरीर मागून घेतेच. रात्री कंबर धरते, मान अवघडते, गुडघे ठणकू लागतात.

अशा वेळी नाक्यावरच्या दुकानातून एक गोळी आणली जाते. गोळी घेतल्यावर तासाभरात ठणका ओसरतो, रात्री झोप लागते आणि दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा कामावर उभा राहतो. या गोळीचा उपकार नाकारण्याचे कारण नाही. संधिवाताने आखडलेल्या बोटांना तिने हालचाल दिली आहे. शस्त्रक्रियेनंतरचे दिवस तिने सुसह्य केले आहेत. परंतु हीच गोळी जठरातून रक्तस्राव घडवू शकते, मूत्रपिंडे दुबळी करू शकते आणि प्रसंगी जीवही धोक्यात आणू शकते. एकाच गोळीच्या अंगी हे दोन परस्परविरोधी गुण कसे आले? या प्रश्नाचे उत्तर समजले, म्हणजे ती केव्हा घ्यावी, किती घ्यावी आणि केव्हा घेऊ नये, हे आपोआप उमगते.

प्रथम वेदनेचाच विचार करू. चिखलात चालताना पायात काटा मोडला, तर तो भाग काही वेळाने लाल होतो, सुजतो, गरम लागतो आणि दुखू लागतो. शरीराच्या या प्रतिक्रियेला दाह असे म्हणतात. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोममधील सेल्सस या ग्रंथकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदून ठेवली होती. दाह त्रासदायक वाटला, तरी तो निरर्थक नसतो. जखमेच्या जागी अधिक रक्त पोचावे, रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पेशी तेथे गोळा व्हाव्यात आणि दुखऱ्या अवयवाला विश्रांती मिळावी, यासाठी शरीराने केलेली ती व्यवस्था होय. वेदना ही त्या व्यवस्थेतील पहारेकऱ्याची हाक आहे. मात्र पहारेकरी कधीकधी कारण संपल्यावरही हाका मारीत राहतो. संधिवातात तर शत्रू नसतानाच दाह पेटतो आणि सांध्यांची हानी होते. अशा वेळी दाह शमविणारे औषध हवेसे वाटते. या औषधांना दाहशामक वेदनानाशके म्हणतात. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड ही त्यांपैकी काही प्रसिद्ध नावे होत.

या औषधांचा उगम एका झाडाच्या सालीत आहे. आपल्याकडे ओढ्याकाठी वाळुंज नावाचे झाड आढळते. त्याच्याच जातकुळीतील विलो या झाडाची साल ताप आणि अंगदुखी यांवर गुणकारी असते, हे युरोपातील लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून या सालीच्या चूर्णाने तापकऱ्यांना गुण येतो, असे कळविले. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी सालीतील गुणकारी द्रव्याचा शोध लावला आणि त्यापासून सॅलिसिलिक ॲसिड तयार केले. ते वेदना थांबवीत असे. पण पोटात इतकी जळजळ करी, की रुग्णाला ते घेणे नकोसे होई. जर्मनीतील बायर या कंपनीत फेलिक्स हॉफमन या शास्त्रज्ञाने १८९७ साली त्याचे अधिक सौम्य रूप तयार केले. तेच १८९९ मध्ये ॲस्पिरिन या नावाने बाजारात आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी नवी औषधे त्याच्या पंक्तीला येऊन बसली.

ॲस्पिरिन जगभर खपू लागले, तरी ते शरीरात नेमके काय करते, हे सुमारे सत्तर वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. ते कोडे जॉन वेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७१ साली उलगडले. आपल्या शरीरातील पेशी प्रोस्टाग्लँडिन या नावाची द्रव्ये तयार करीत असतात. दुखापत झालेल्या जागी त्यांचे प्रमाण वाढले, की सूज येते, वेदना तीव्र होते आणि तापही चढतो. ही द्रव्ये तयार होण्यासाठी एका विकराची, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाची, गरज असते. ॲस्पिरिन त्या विकरालाच अडवते, असे वेन यांनी दाखवून दिले. या कार्याबद्दल त्यांना आणि प्रोस्टाग्लँडिनांचा अभ्यास करणाऱ्या स्यून बर्गस्ट्रॉम व बेंग्ट सॅम्युएल्सन या स्वीडिश शास्त्रज्ञांना १९८२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

वेन यांच्या शोधाने गोळीच्या गुणाप्रमाणे तिच्या दोषाचेही कारण स्पष्ट झाले. प्रोस्टाग्लँडिने केवळ वेदनाच निर्माण करतात असे नाही. शरीराच्या रक्षणाची अनेक कामेही त्यांच्याकडेच असतात. पाटाचे तोंड बांधले, तर ज्या खाचरात पाणी नको असते तेथे ते थांबते. पण त्याच पाटावरची तहानलेली खाचरेही कोरडी पडतात. गोळीचेही तसेच आहे. गुडघ्यातील प्रोस्टाग्लँडिन तेवढे अडवावे आणि इतर ठिकाणचे सोडून द्यावे, असा विवेक तिला नसतो. ती रक्तावाटे सर्व शरीरात जाते आणि सर्वत्र तेच काम करते.

या पाटावरचे पहिले खाचर म्हणजे जठर. अन्न पचविण्यासाठी जठरात तीव्र आम्ल तयार होत असते. त्या आम्लाने जठराची स्वतःचीच भिंत भाजून निघू नये, म्हणून तिच्यावर एक बुळबुळीत लेप असतो. तो लेप टिकविण्याचे काम प्रोस्टाग्लँडिने करतात. गोळीमुळे ती कमी झाली, की लेप विरळ होतो आणि आम्ल भिंतीला झोंबू लागते. आरंभी छातीत जळजळ होते, पोट दुखते, मळमळ होते. गोळ्या चालूच राहिल्या, तर भिंतीवर व्रण पडतो आणि त्यातून रक्त वाहू लागते. कित्येकदा तर पोट मुळीच दुखत नाही. कारण वेदनेची हाक गोळीनेच बंद केलेली असते. डांबरासारखे काळे व चिकट शौच झाले किंवा रक्ताची उलटी झाली, म्हणजेच घरच्यांच्या ध्यानात येते. वयाची साठी उलटलेल्या माणसांना, पूर्वी व्रण झालेल्यांना, मद्यपान करणाऱ्यांना आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना हा धोका विशेष असतो. गोळी गिळण्याऐवजी सुई टोचून घेतली, म्हणजे पोट वाचते, असा एक समज आढळतो. तोही खरा नाही. कारण सुईतील औषध रक्तावाटे जठराच्या भिंतीपर्यंत पोचतेच.

दुसरे खाचर मूत्रपिंडाचे. रक्त गाळून त्यातील नको असलेली द्रव्ये मूत्रावाटे बाहेर टाकणे, हे मूत्रपिंडाचे काम होय. त्यासाठी त्यात रक्ताचा ओघ अखंड राहावा लागतो. शरीरातील पाणी कमी झाले, की हा ओघ मंदावू लागतो. तेव्हा प्रोस्टाग्लँडिने मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या रुंद ठेवून तो सांभाळून घेतात. दिवसभर उन्हात राबून घाम गाळलेला माणूस पुरेसे पाणी न पिताच गोळी घेतो, तेव्हा नेमका हाच आधार काढून घेतला जातो. निरोगी तरुणाचे शरीर असा आघात एकदोनदा सहन करते. परंतु मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने महिनोन्‌महिने रोज एक गोळी घेतली, तर मूत्रपिंडे हळूहळू निकामी होऊ शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या यांच्याबरोबर दाहशामके घेणे तर अधिकच घातक ठरते. पायांवर सूज येणे, लघवी कमी होणे ही त्याची लक्षणे. पण ती दिसू लागेपर्यंत पुष्कळ हानी होऊन गेलेली असते.

जठराला न दुखावता दाह शमविता येईल काय, या विचाराने शास्त्रज्ञांनी पुढे निवडक काम करणारी नवी दाहशामके शोधून काढली. त्यांपैकी रोफेकॉक्सिब हे औषध १९९९ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. ते जठराला पूर्वीच्या औषधांपेक्षा सौम्य होते; पण ते दीर्घकाळ घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांचे प्रमाण वाढल्याचे आढळले. अखेर २००४ साली ते जगभरातील बाजारांतून मागे घेण्यात आले. एका बाजूचा दोष टाळावा, तर दुसऱ्या बाजूने दोष डोके वर काढतो, हा धडा या घटनेने वैद्यकाला शिकविला. डायक्लोफेनॅकसारखी नेहमीची औषधेही मोठ्या मात्रेत व दीर्घकाळ घेतल्यास हृदयाला अपाय करू शकतात, हेही पुढील अभ्यासांतून दिसून आले. दमा असलेल्या काही व्यक्तींना तर यांपैकी एखादी गोळी घेताच धाप लागते.

येथे ॲस्पिरिनविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ॲस्पिरिनमुळे रक्त सहजासहजी गोठत नाही. म्हणून हृदयविकार होऊन गेलेल्या रुग्णांना डॉक्टर त्याची अगदी लहान मात्रा रोज घ्यावयास सांगतात. ती वेदनेसाठी नसते, रक्तवाहिनीत गुठळी होऊ नये यासाठी असते. दुष्परिणामांची माहिती वाचून अशा रुग्णाने ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे होय. औषध सुरू करण्याप्रमाणेच ते थांबविण्याचा निर्णयही डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.

कोकणातील पावसाळा या औषधांच्या बाबतीत वेगळीच सावधगिरी मागतो. पावसाबरोबर डासांची पैदास वाढते आणि डेंग्यूचा ताप फैलावतो. ताप, डोकेदुखी आणि हाडे मोडल्यासारखी अंगदुखी ही त्याची लक्षणे पाहून कोणीही सहज दाहशामक गोळी घेईल. परंतु डेंग्यूत रक्त गोठविण्यास साहाय्य करणाऱ्या बिंबिका आधीच घटलेल्या असतात. त्यातच ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांची भर पडली, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. शेतातील आणि गटारांतील पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते. ते पायांच्या भेगांतून व जखमांतून शरीरात गेल्यास लेप्टोस्पायरोसिस हा रोग होतो. चिखलात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्याचा धोका सर्वांत अधिक. त्यातही ताप येतो, पोटऱ्या दुखतात आणि मूत्रपिंडांवर आघात होतो. आधीच संकटात सापडलेल्या मूत्रपिंडांवर दाहशामक गोळीचा भार घालणे कितपत शहाणपणाचे? म्हणून पावसाळ्यातील तापाचे कारण कळेपर्यंत दाहशामके घेऊ नयेत. ताप उतरविण्यासाठी पॅरासिटामॉल पुरते. तथापि पॅरासिटामॉललाही मर्यादा आहे. धडधाकट प्रौढ माणसाने ते चोवीस तासांत ४ ग्रॅमपेक्षा अधिक कधीच घेऊ नये. अधिक मात्रेने यकृताला इजा होते. अशक्त, मद्यपी किंवा यकृताचा विकार असलेल्या माणसासाठी ही मर्यादा आणखी खाली असते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी लागते.

मुलांच्या बाबतीत नियम याहून कडक आहेत. विषाणूजन्य तापात मुलांना ॲस्पिरिन दिल्यास यकृत आणि मेंदू यांना ग्रासणारा रे नावाचा दुर्मीळ, पण प्राणघातक विकार उद्भवू शकतो. निमेसुलाइड हे औषध बारा वर्षांखालील मुलांना देण्यास भारत सरकारने २०११ साली बंदी घातली. मोठ्या माणसाची गोळी अर्धी मोडून मुलाला देणे ही पद्धत म्हणूनच सर्वस्वी त्याज्य होय. गर्भवती स्त्रियांनी, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, ही औषधे डॉक्टरांच्या आज्ञेवाचून घेऊ नयेत. गर्भाच्या मूत्रपिंडांवर आणि हृदयालगतच्या रक्तवाहिनीवर त्यांचा परिणाम होतो. मासिक पाळीच्या वेदनांसाठी अनेक मुली मेफेनॅमिक ॲसिड घेतात. या औषधामुळे क्वचित कोणाला पुरळ, ताप आणि अवयवांचा दाह अशी तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, अशी सूचना भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ साली दिली. गोळी घेतल्यानंतर काही दिवसांनी वा आठवड्यांनीही अंगावर पुरळ उठला, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये.

मात्रा, काळ आणि घेणारा यांचा विचार न करता औषध वापरले, तर काय होते, याचे अत्यंत दारुण उदाहरण माणसांच्या नव्हे, तर पक्ष्यांच्या जगात घडले. ते रोह्यापासून दूरही नाही. मुरूड आणि रोहा या तालुक्यांत फणसाडचे अभयारण्य पसरलेले आहे. त्याच्या दक्षिणेस श्रीवर्धन आणि म्हसळा हे तालुके. या भागात एकेकाळी गिधाडे मोठ्या संख्येने राहत. श्रीवर्धनच्या वाड्यांत तर ती नारळीच्या झाडांवर घरटी बांधीत. गावाबाहेर मेलेले गुरू टाकले, की आकाशातून गिधाडे उतरत आणि थोड्याच अवधीत केवळ हाडे शिल्लक राहत. कोणाचाही मोबदला न घेता गाव स्वच्छ ठेवणारे असे दुसरे सेवक नव्हते.

१९९० नंतरच्या काळात भारतभर गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. प्रथम कोणालाच कारण उमगेना. साथीचा रोग असावा, असाही तर्क झाला. अखेर पाकिस्तानात गिधाडांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २००४ साली खरे कारण उघडकीस आणले. लंगडणाऱ्या वा सुजलेल्या गुरांना डायक्लोफेनॅकची सुई दिली जात असे. असे गुरू लवकरच मेले, तर औषध त्याच्या मांसात उरे. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे काही दिवसांतच निकामी होत, यूरिक ॲसिडचे पांढरे कण त्याच्या हृदयावर व यकृतावर साचत आणि तो पक्षी मान टाकून फांदीवरून खाली कोसळे. मनुष्य आणि गाय यांना जी मात्रा सोसते, तिचा अंशही गिधाडाला सोसत नव्हता.

कारण कळल्यावर उपायही झाले. गुरांसाठी डायक्लोफेनॅक बनविण्यावर भारत सरकारने २००६ साली बंदी घातली. तथापि माणसांसाठी विकल्या जाणाऱ्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या. म्हणून २०१५ साली माणसांसाठीची कुपी ३ मिलिलिटरहून मोठी असू नये, असा निर्बंध आला. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांचाही गुरांसाठी वापर बंद करण्यात आला. मेलॉक्सिकॅम हे त्याच वर्गातील औषध गिधाडांना अपाय करीत नाही, असे परीक्षणांत सिद्ध झाल्यामुळे पशुवैद्यांना योग्य पर्याय मिळाला. रायगड जिल्ह्यात महाडची सिस्केप ही संस्था आणि वनखाते यांनी म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात गिधाडांच्या संरक्षणाचे कार्य हाती घेतले. तेथे उरलेल्या गिधाडांची घरटी राखणे आणि त्यांना निर्धोक अन्न मिळेल असे पाहणे, हा त्या कार्याचा गाभा होय. पण झालेली हानी सहजासहजी भरून येणारी नाही. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते.

माणसांच्या औषधांबाबतही कायद्याने काही बंधने घातलेली आहेत. दाहशामकांपैकी बहुतेक औषधे औषध नियमांतील अनुसूची ‘एच’मध्ये मोडतात. अशी औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम आहे. तशी सूचना त्यांच्या वेष्टनावरच छापलेली असते. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याच्या नावाची गोळी मागून आणणे, हे या नियमाचा हेतूच विफल करणारे आहे. शेजाऱ्याचे वय, त्याचे विकार आणि त्याची इतर औषधे ही आपली नसतात.

आणखी एक घोटाळा नावांमुळे होतो. एकच औषध अनेक कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात. गुडघ्यासाठी एका डॉक्टरांनी आणि दातासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची नावे भिन्न असली, तरी दोहोंत डायक्लोफेनॅकच असू शकते. अशा दोन गोळ्या एकत्र घेतल्याने गुण दुप्पट होत नाही, अपाय मात्र वाढतो. म्हणून पाकिटावरील मोठ्या अक्षरांतील नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव वाचण्याची सवय लावून घ्यावी. ज्या पुडीवर कोणतेच नाव नाही, ती तर घेऊच नये. सांधेदुखीवरील अशा पुड्यांत दाहशामके किंवा स्टिरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत.

दाहशामक गोळी घेणे आवश्यकच असेल, तर काही नियम पाळावेत. ती उपाशीपोटी घेऊ नये. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. ज्या कमीत कमी मात्रेने काम भागते तेवढीच घ्यावी आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांहून अधिक काळ घेऊ नये. आपले सर्व जुने विकार आणि चालू औषधे डॉक्टरांना न लपविता सांगावीत. ती रोज घेणे ज्यांना भागच आहे, त्यांनी रक्तदाब, मूत्रपिंडे आणि रक्तातील हिमोग्लोबिन यांची ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी. काळे शौच, रक्ताची उलटी, छातीत कळ, धाप, चेहऱ्यावर सूज, अंगावर पुरळ किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास गोळी थांबवून त्वरित रुग्णालय गाठावे. पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालये आहेत; खेड्यापाड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत; १०८ हा क्रमांक फिरविला, की रुग्णवाहिका मिळते.

प्रत्येक दुखण्याला गोळीच हवी असेही नाही. श्रमाने दुखावलेल्या स्नायूंना विश्रांती आणि शेक यांनी पुष्कळ आराम पडतो. ताज्या मुरगळीवर कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवल्यास सूज कमी होते. मूर्तिकाराने मूर्ती डोळ्यांच्या उंचीवर ठेवली आणि तासातासाने उठून मान मोकळी केली, तर मानेचे दुखणे वाढत नाही. पापड लाटताना पाट उंचावर घेतला, तर कमरेवरचा ताण कमी होतो. गुडघेदुखीत मांड्यांच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजनावरील ताबा यांचा उपयोग दीर्घकाळ टिकतो. एकाच जागी दुखत असेल, तर पोटात गोळी घेण्यापेक्षा वरून लावण्याचे मलम बहुधा अधिक निर्धोक असते, कारण त्यातील थोडाच अंश रक्तात जातो. आणि दुखणे आठवडाभरात हटले नाही, तर त्याचे मूळ शोधणे हाच खरा उपाय होय.

वेदनाशामक गोळी ही विज्ञानाने माणसाला दिलेली मोठी देणगी आहे. ती भिऊन टाकून देण्याजोगी नाही आणि खाऊसारखी खिशात बाळगण्याजोगीही नाही. सालीच्या चूर्णापासून आजच्या गोळीपर्यंत पोचायला शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे लागली. तिचे दोष ओळखायला त्यानंतरचीही कित्येक वर्षे खर्ची पडली आणि त्याची किंमत अनेक रुग्णांनी व असंख्य मुक्या पक्ष्यांनी मोजली. इतक्या मोलाने मिळालेले हे ज्ञान वापरण्यासाठी विशेष काही करावे लागत नाही. गोळी तोंडात टाकण्यापूर्वी ती कशाची आहे, आपल्याला कशासाठी हवी आहे आणि ती आपल्याला चालते काय, एवढे तीन प्रश्न विचारले, तरी पुरे.

स्वाध्याय

१. दाहाची चार लक्षणे कोणती? दाह शरीराला उपयोगी कसा पडतो?
२. वेदनाशामक गोळीचा गुण आणि तिचा दोष यांचे मूळ एकच आहे, हे पाटाच्या दृष्टान्ताने स्पष्ट करा.
३. पावसाळ्यातील तापात दाहशामक गोळ्या का घेऊ नयेत?
४. गिधाडांच्या संख्येत घट होण्याचे कारण कोणते? त्यावर कोणते उपाय योजण्यात आले?
५. घरातील एखाद्या औषधाच्या पाकिटावर कोणकोणती माहिती छापलेली आहे, ती वडीलधाऱ्यांच्या मदतीने वाचा व वहीत लिहा.